मक्याच्या ढिगाचं तापमान

पिंपळनेर
६ नोव्हेंबर २०२५

नाना, पाया पडते.

काल फोनवर मी तुम्हाला थर्मामीटरबद्दल विचारत होते आणि तुम्ही तीनदा "काय? काय?" करून शेवटी "केळीचा घड कुणी कापला?" असं विचारलंत. मी हसत बसले. काकू म्हणाली, कानातलं यंत्र तुम्ही उशीखाली ठेवता आणि पाहुणे आले की तेवढं घालता. मग आजपासून मी पत्रच लिहिणार. पोस्टमन असोद्याला येतो ना अजून?

तुमची पुतणी शिक्षणसेवक होऊन दोन वर्षं झाली. अजून एक वर्ष काढलं की कायम. तोवर मुख्याध्यापक हितेंद्र सर म्हणतील ती पूर्व.

आठवीला 'उष्णता' सुरू केलं आणि पहिल्याच तासाला तुमचा घोंगडीचा प्रयोग केला. लहानपणी तुम्ही आपल्या ओट्यावर करून दाखवला होता तोच. लस्सीवाल्याकडून बर्फाचे दोन सारखे तुकडे आणले, एक ताटलीत उघडा ठेवला, एक घोंगडीत गुंडाळला. आधी विचारलं, कुठला लवकर वितळेल? बेचाळीस पोरं एका सुरात म्हणाली, घोंगडीतला! घोंगडी गरम असते ना बाई! तास संपताना घोंगडी उलगडली तर आत बर्फ शाबूत आणि ताटलीत नुसतं पाणी. काय चेहरे झाले होते नाना! मग मी तुमचं वाक्य फळ्यावर लिहिलं: घोंगडी ऊब देत नाही, असलेली राखते. आणि खाली लिहिलं: झाकून ठेवलेली वस्तू आपोआप तापत नाही.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून कामिनी उठली. "बाई, आमना घर मका शे, झाकेल शे. तो आपोआप तपी ऱ्हायना." सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि म्हटलं, "मग उद्या त्याच्यावर एक भाकरी भाजून आण." त्यावर तर पोरं बाकावर लोळायचीच राहिली. ती खाली बसली.

पोरगी हट्टी आहे. इथून दोन किलोमीटरवरच्या पाड्यावर राहते. बाप वना, पिकअप गाडीतून भाजीपाला घेऊन सुरतेला जातो, आठ-दहा दिवस तिकडेच असतो. घरी आई आणि आजी ताईबाई. दिवाळीनंतर पाऊस आला तेव्हा यांचा मका नुकताच मशीनमधून काढलेला होता. अंगणात भिजायला नको म्हणून घाईघाईनं आतल्या खोलीत ओतला आणि ताडपत्री टाकली. तो ढीग म्हणे तापतोय.

शाळेत सहा थर्मामीटर धड आहेत. ते पाळीपाळीनं घरी द्यायचे, झाकलेली एखादी वस्तू निवडायची आणि चार दिवस सकाळी तिचं आणि खोलीचं तापमान लिहायचं, असं मी ठरवलंय. कामिनीनं मक्याचाच ढीग मागितला. घे म्हटलं, आपोआप कळेल.

काकूला सांगा, ज्वारीचे बिबडे तळून तळून संपले.

तुमची
पुनम


असोदा
११ नोव्हेंबर

पुनम,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. काकूलाही वाचून दाखवलं, तिला फक्त बिबड्यांचं समजलं. पाठवते आहे.

यंत्राबद्दल जे ऐकलंस ते खोटं आहे. ते बिघडलेलं आहे.

वर्ग हसला म्हणजे तास जमला, हे लक्षात ठेव. पण थर्मामीटर पोरांच्या हाती दिलंस, आता सावध राहा. पोरं काय करतात सांगू? कुणी उन्हात धरतं, कुणी मुठीत धरतं, कुणी बाहेर काढून मग निवांत वाचतं. आकडे माकडासारखे उड्या मारतात. आलेलं रीडिंग आणि यायला हवं ते रीडिंग यांच्यात फरक पडला की लाल रेघ ओढायची आणि पुन्हा घ्यायला लावायचं. बरोबर येईपर्यंत. तेहतीस वर्षं मी हेच केलं आणि प्रात्यक्षिकाला माझा एकही पोरगा नापास झाला नाही. तपासायला येणारे साहेब वह्या बघून विचारायचे, झोपे सर, यांचे आकडे इतके नेटके कसे? मी म्हणायचो, मेहनत.

मक्याचं त्या पोरीला नीट समजाव. ढिगात चूल पेटवलेली नाही, खोलीत ऊन येत नाही. मग उष्णता येणार कुठून? ऊर्जा शून्यातून तयार होत नाही, हा नियम तिच्या ढिगासाठी मोडणार आहे का? म्हातारी माणसं हात घालून म्हणतात तापलं, तापलं. हाताला काय, गार पाण्यातून काढलेल्या हाताला सगळंच गरम लागतं.

मुख्याध्यापकांशी नीट राहा. एक वर्षाचा प्रश्न आहे.

नाना


पिंपळनेर
१९ नोव्हेंबर

नाना,

बिबडे पोचले. अर्धे आले ते अखंड, बाकीच्यांचा चुरा. पोस्टानं ते दगडांबरोबर आणले असावेत.

तुमचं पत्र अगदी वेळेवर आलं. कामिनीनं पहिल्या चार दिवसांचे आकडे आणले: एकतीस, चौतीस, अडतीस, एक्केचाळीस. खोलीचं तापमान मात्र रोज तेवीस-चोवीस. म्हणजे ढीग रोज चढतोय! मी विचारलं, थर्मामीटर चुलीजवळ ठेवलं होतंस? नाही. हातात धरलं होतंस? नाही. किती आत घातलं? म्हणाली, कोपरापर्यंत हात गेला तिथपर्यंत. मी म्हटलं, पुन्हा घे.

पुढच्या चार दिवसांत काय आणावं तिनं? पंचेचाळीस, सत्तेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. पन्नास नाना! मे महिन्यात जळगावला सुद्धा एवढं होत नाही. मी तुमच्यासारखी लाल रेघ ओढली. बाजूला लिहिलं: 'चूक. काळजीपूर्वक पुन्हा.' ती म्हणाली, "बाई, मी काळजीनंच घेतलं." मी म्हटलं, मग थर्मामीटर बदलून घे.

तिसऱ्या खेपेला जमलं. चोवीस, चोवीस, पंचवीस, चोवीस. खोली आणि ढीग सारखे, असायला हवेत तसे. मी खाली 'उत्तम नोंद' लिहून सही केली आणि वही वर्गात फिरवली. तिचा तक्ता सोबत उतरवून पाठवतेय, अक्षर बघा कसं मोत्यासारखं आहे.

एक आहे, तेव्हापासून ती हात वर करत नाही. आधी मधेच काहीतरी विचारायची. आता गप्प बसून ऐकते. शहाणी झाली असं म्हणायचं.

पुनम


असोदा
२४ नोव्हेंबर

पुनम,

शाब्बास! तक्ता मी कपाटाच्या दारावर चिकटवलाय. काल ओट्यावर आमची निवृत्त मंडळी जमली होती, त्यांना दाखवला. म्हटलं, बघा, धुळे जिल्ह्यातल्या एका पाड्यावरची पोर. तिसऱ्यांदा का होईना, पण अचूक.

ही पोर पुढे जाईल. हट्ट सोडायला शिकली म्हणजे निम्मं विज्ञान आलं.

काकूला ताप होता, उतरला. केळीवर यंदा थंडी जास्त दिसते.

नाना


असोदा
८ डिसेंबर

पुनम,

दोन आठवडे झाले, पत्र नाही. काकूला तुझ्या बापाला फोन करायला लावला तर तो म्हणतो, तुझ्याशी रोज बोलणं होतं, ठीक आहे. मग मला का नाही लिहीत? रागावलीस का? काकू म्हणते, मीच काहीतरी बोललो असेन. मला तर काही आठवत नाही.

नाना


पिंपळनेर
११ डिसेंबर

नाना,

रागावले नाही. काय लिहावं तेच कळत नव्हतं.

१ तारखेपासून कामिनी शाळेत नव्हती. मला वाटलं कांदा लागवड चालू आहे, घरी राबत असेल. रविवारी तिच्या पाड्यावर गेले. लांबूनच आंबूस वास आला, दारूच्या भट्टीसारखा. अंगणभर मका पसरलेला होता. पिवळा नव्हे, तपकिरी आणि काळा, मधेमधे हिरव्या-पांढऱ्या बुरशीचे गोळे. ताईबाई त्यात बसून दाणे निवडत होती, आणि निवडण्यासारखं काही नव्हतंच. मला बघून म्हणाली, "बठ्ठं गयं व माय." सगळं गेलं.

वना घरीच होता. सुरतेहून ३० तारखेला आला, ताडपत्री ओढली तर आतून वाफ निघाली. हात घालवेना. यंदाचं बियाणं, खतं, पाणी, सगळं केलेलं त्या एका ढिगात होतं.

मी म्हटलं, "आधी कळलं नाही का?" नाना, मी हे विचारलं. माझ्या तोंडातून हेच निघालं.

त्यानं सांगितलं. त्याची आई महिनाभर ओरडत होती, ढीग तापतोय, पसरा. पण ती दरसालच काही ना काही म्हणते. तो सुरतेला होता आणि अंगण ओलं होतं. बायकोला फोनवर म्हणाला, पोरीकडे शाळेचं थर्मामीटर आहे ना, काय म्हणतं ते? तेव्हा बायकोनं वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवला. चोवीस, चोवीस, पंचवीस, चोवीस. खाली 'उत्तम नोंद'. खाली माझी सही. त्यानं सांगितलं, मग राहू दे, मी आलो की पसरू.

मग त्यानं मला आतल्या खोलीत नेलं. ढीग होता तिथली जागा ओलीच होती अजून. भिंतीवर कोळशानं आकडे लिहिलेले. ३१, ३४, ३८, ४१, ४५, ४७, ४९, ५०. आणि त्यापुढेही, ज्या दिवशी वहीत चोवीस लिहिलं त्या दिवसांचे: ५२, ५३, ५५, ५६. प्रत्येकाखाली तारीख. पोरगी शाळेसाठी चोवीस लिहायची आणि घरी येऊन भिंतीवर खरं लिहायची.

वना म्हणाला, "बाई, भिंतीवर पोरीनं लिहिलं होतं, वहीवर तुमची सही होती. मी सहीवर भरोसा ठेवला." मग म्हणाला, "घरात खरं लिहिते आणि शाळेत खोटं लिहिते. कंटाळा करून मनचे आकडे टाकले हिनं, आणि माझं वर्ष गेलं. अशी शाळा शिकून काय करायचं? आठवी पुष्कळ झाली. संक्रांत झाली की तिच्या मावशीकडे सुरतेला पाठवतोय, साड्यांवर टिकल्या लावायचं काम आहे."

कामिनी दाराआड उभी होती. नाना, तिनं बापाला सांगितलेलं नाही की बाईंनी दोनदा आकडे चूक ठरवले. मार खाल्ला असेल, बोलणी खाल्ली असतील, पण माझं नाव घेतलेलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. तक्रारीनं नाही, नुसती बघत होती.

आणि मी काय केलं? चहा प्यायले आणि परत आले.

सोमवारी हितेंद्र सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही काही कबूल करायला जाऊ नका. गावात गोष्ट फिरली, पालकांनी लेखी दिलं, तर तुमचं कायम होणं अडकेल. पोरगी एक गेली, वर्गात एकेचाळीस आहेत.

रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. मला अजूनही कळत नाही की मका तापला कसा. आपण जे शिकवलं ते खोटं आहे का? आणि कामिनीचं मी काय करू? संक्रांतीला महिना उरलाय.

पुनम


असोदा
१५ डिसेंबर

पुनम,

वाचून वाईट वाटलं. पण शांत डोक्यानं घे.

तू शिकवलंस ते चूक नाही. नियम नियम आहे. त्या खोलीला पत्र्याचं छप्पर असेल, दुपारी तापत असेल. किंवा पावसाचं पाणी आत झिरपून मका सडला असेल. सडणं वेगळं आणि तापणं वेगळं. आणि पोरीनं खोटे आकडे लिहिले हे तर खरंच आहे ना? तिला तू खोटं लिही असं म्हणाली नव्हतीस. पुन्हा घे म्हणालीस. दोन्हीत फरक आहे.

मुख्याध्यापकांचं ऐक. बाप रागात आहे, आठवड्याभरात निवळेल आणि पोरगी येईल. तुझी नोकरी कायम व्हायची आहे, हे विसरू नकोस. तुझ्या बापानं तुला शिकवायला काय काय विकलं ते मला माहीत आहे.

नाना


असोदा
१८ डिसेंबर

पुनम,

मागचं पत्र फाडून टाक. नको, फाडू नकोस, ठेव. पण त्यातलं एकही अक्षर ऐकू नकोस.

पत्र टाकून घरी आलो आणि जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी एसटीनं नशिराबादला गेलो. तिथं माझा शाळासोबती नथ्थू आहे, धान्याचा व्यापार करतो, त्याचं गोदाम आहे. त्याला विचारलं, ओला मका ढीग करून ठेवला तर काय होतं रे? तो म्हणाला, "मास्तर, मस्करी करतो का? तापतो. माझ्या बैलालाही माहीत आहे." मी म्हटलं, उष्णता कुठून येते? तो म्हणाला, ते तुला माहीत, तू मास्तर. मग कोपऱ्यातल्या एका ढिगाकडे घेऊन गेला, पावसात भिजलेला, उद्या पसरायचा ठेवलेला. म्हणाला, घाल हात. मी कोपरापर्यंत घातला आणि ओढून काढला.

परत येताना बसमध्ये सबंध वेळ एकच विचार. आपण पोरांना सांगतो, घोंगडी ऊब देत नाही. बरोबर. मग घोंगडीत ऊब येते कुठून? आतल्या माणसाकडून! त्यानं भाकरी खाल्लेली असते, ती त्याच्या अंगात जळते. बर्फाला घोंगडीत घातलं की ऊब येत नाही, कारण बर्फ मेलेला. मक्याचा दाणा मेलेला नाही, पुनम. पेरला तर उगवतो. तो श्वास घेतो, स्वतःचं पीठ जाळतो, आणि ओला असला की जोरात जाळतो. बुरशी त्याहून जास्त. आणि ढीग म्हणजे दाण्यांनी एकमेकांवर घातलेली घोंगडीच. ऊब बाहेर जाईना, रोज चढत गेली. ऊर्जा शून्यातून आली नाही, दाण्यातून आली. नियम मोडलाच नव्हता. दाण्याच्या आत कुणी आहे का, हे आपण दोघांनी विचारलं नाही.

लाज कशाची वाटते सांगू? मी केळीवाल्याचा पोरगा. पिकत घातलेल्या केळीची खोली बाहेरच्यापेक्षा गरम असायची. बाप दर थोड्या वेळानं दार उघडून वारा द्यायचा, "घड तापतात रे" म्हणायचा. लहानपणापासून बघितलं. आणि तेहतीस वर्षं शाळेत शिकवताना ते एकदाही आठवलं नाही. घरचं घरी, शाळेचं शाळेत.

दुसरी गोष्ट. ती पोरगी खोटं लिहायला शिकली नाही, आपण शिकवलं. तू माझ्याकडून शिकलीस. माझ्या प्रयोगशाळेत पोरं आधी शेवटचा आकडा लिहायची, मग मधले बसवायची. मला माहीत होतं. मी त्यालाच मेहनत म्हणायचो. कुणाचा खरा आकडा मी रेघ मारून घालवला, आता कसं कळणार?

मी येतो. पुढच्या आठवड्यात, २९ तारखेच्या सोमवारची धुळ्याची गाडी पकडतो. वनाला मी सांगेन की चूक माझी आहे. तुझं नाव घ्यायची गरज नाही. माझं पेन्शन कोण अडवतोय?

नाना


पिंपळनेर
२३ डिसेंबर

नाना,

येऊ नका. म्हणजे या, पण बिबडे घेऊन या, यासाठी नको. मी जाऊन आले.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. दाण्याचं वाचून मी खुर्चीतच बसून राहिले. कामिनी हेच सांगत होती, एका वाक्यात, आणि मी तिला भाकरी भाजायला सांगितली! तुम्ही यायची वाट बघितली असती तर तुम्ही सगळं अंगावर घेतलं असतं, आणि मी पुन्हा चहा प्यायले असते. रविवारी सकाळीच निघाले.

वना गाडीचं टायर बदलत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर बोलता आलं नसतं. म्हटलं, "भाऊ, कामिनीनं कंटाळा केला नाही. तिनं दोनदा खरे आकडे आणले. मी दोनदा चूक म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं मला हवं ते लिहिलं. तिच्या जागी मी असते तर मीही लिहिलं असतं. मका माझ्यामुळे गेला."

त्यानं पान्हा खाली ठेवला, हात पुसले. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडावं असंही वाटत होतं. ताईबाई ओट्यावरून म्हणाली, "मी सांगेल होतं ना." कुणाला म्हणाली, देव जाणे. वनानं कामिनीला हाक मारली. विचारलं, "खरं का?" तिनं मान हलवली. "मग सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "आधी तुम्ही बाईंना बोलाल म्हणून. मग कळलं, बाईंची नोकरी जाईल." हितेंद्र सरांनी मला ऑफिसात जे सांगितलं होतं ते शिपायाकडून सगळ्या शाळेला आधीच कळलं होतं म्हणे, आणि तिची मैत्रीण रोज पाड्यावर बातम्या पोचवत होती. नाना, मला रडू आलं. त्यांच्या अंगणात, त्या काळ्या मक्यात उभी राहून रडले. चौदा वर्षांची पोर माझी नोकरी सांभाळत होती.

वना म्हणाला, "लिहून द्या." मी विचारलं, काय? "वहीत सही केली होती ना, तिथंच लिहून द्या." कामिनीनं वही आणली. मी 'उत्तम नोंद'च्या खाली लिहिलं: 'हे आकडे खरे नाहीत. विद्यार्थिनीने खरे आकडे दोनदा दाखवले होते, ते मी चूक ठरवले. खरे आकडे तिच्या घराच्या भिंतीवर आहेत.' खाली नाव, सही, तारीख. त्यानं मोबाइलवर फोटो काढला. तो फोटो कुठे पाठवणार हे त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग म्हणाला, "हे इथं तिघांपुढं बोललात. हसले ते बेचाळीस होते."

काल सोमवारी पहिल्या तासाला मी फळ्यावर भिंतीवरचे सगळे आकडे लिहिले. एकतीसपासून छप्पन्नपर्यंत, तारखांसकट. पोरांना सांगितलं, हे आकडे बरोबर आहेत, मी चूक होते, आणि कामिनीला हसले ती माझी दुसरी चूक. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, आमचा पण कडबा तापतो, गंजीत हात घातला की कळतं." दुसरी म्हणाली, शेणाच्या खड्ड्यातून सकाळी वाफ निघते. तिसरी म्हणाली, आमच्याकडे कांदे. नाना, वर्गात सतरा जणांना माहीत होतं! त्या दिवशी एकालाही बोलायचं धाडस झालं नाही. तुमच्या घोंगडीतल्या माणसापासून मी पुन्हा शिकवलं. तास संपल्याची घंटा झाली ती कुणाला ऐकू आली नाही.

खिडकीबाहेर वना उभा होता. कधी आला ते माहीत नाही. मी बघितलं तर तो फळ्याकडे बघत होता. तास संपल्यावर निघून गेला.

हितेंद्र सरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात, आता वर विचारणा झाली तर मी काही करू शकणार नाही. मी म्हटलं, हो सर. पुढचं पुढे बघू. रात्री झोप लागली मात्र.

आज सकाळी प्रार्थनेला कामिनी रांगेत होती. तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. तिनं काही विचारलं नाही, मीही नाही. पण संक्रांतीचं अजून मला माहीत नाही. वनाचं काय ठरलंय, कुणीच सांगत नाही.

तुम्ही तिला चार ओळी लिहा ना. तुमच्या कपाटावरचा तक्ता काढून टाका आधी.

पुनम


पिंपळनेर
९ जानेवारी २०२६

आदरणीय नाना सर, नमस्कार.

मी कामिनी, इयत्ता आठवी. तुमचं पत्र मिळालं. तुम्ही मोठे असून माझी माफी मागितली, ते मी आजीला वाचून दाखवलं. आजी म्हणाली, सर चांगले आहेत पण त्यांना सांग, पुढच्या वेळी आधी म्हातारीला विचारायचं.

तुम्ही विचारलं की मी खोटे आकडे का लिहिले. मला खूप भीती वाटली नव्हती. मला वाटलं, बाईंना जे माहीत आहे ते मोठं आणि आमच्या घरात जे आहे ते लहान. म्हणून वहीत बाईंचं लिहिलं. पण ढीग रोज तापतच होता, ते कुठेतरी लिहायला पाहिजे असं वाटलं. म्हणून भिंतीवर लिहिलं. ढीग पसरा असं मी वडिलांना फोनवर सांगायला पाहिजे होतं. ते माझं चुकलं.

आता मी एक नवीन प्रयोग करते आहे. आमचा वाया गेलेला मका वडिलांनी शेणखताच्या खड्ड्यात टाकला. वर शेण टाकलं. मी रोज सकाळी तिथं थर्मामीटर घालते. पहिल्या दिवशी २९ होतं. मग चढत गेलं. सहाव्या दिवशी ६३ झालं. बाई म्हणाल्या, परत बघ. मी परत बघितलं, ६३. दुसऱ्या थर्मामीटरनं पण ६३. बाईंनी स्वतः येऊन बघितलं, त्यांनाही ६३ आलं आणि त्यांचं बोट भाजलं.

माझा प्रश्न असा आहे. सातव्या दिवसापासून ते उतरायला लागलं. काल ५१ होतं. खड्ड्याला कुणी हात लावला नाही. पाऊस नाही. मका अजून शिल्लक आहे, मी उकरून बघितला. शेण पण आहे. खायला आहे, घोंगडी पण आहे. मग आतले थांबले का? बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मला नक्की माहीत नाही, नानांना विचार. सर, तुम्हाला येत असेल तर लिहा. येत नसेल तर येत नाही असं लिहा. अंदाज असेल तर अंदाज असं लिहा.

वडील सोमवारी गाडी घेऊन सुरतेला निघणार आहेत. मावशीला त्यांनी फोन केला. मी जात नाही. म्हणून उत्तर शाळेच्याच पत्त्यावर पाठवा.

आपली विद्यार्थिनी
कामिनी वना पाटील